विद्यापीठाचे वनस्पती उद्यान पाहायला जाताना

सारसबाग किंवा संभाजी उद्यान मनात धरून जो विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात शिरतो, त्याचा पहिल्या दहा मिनिटांतच हिरमोड होतो. तिथे कारंजे नसते, बाक असलाच तर त्यावर पालापाचोळा साचलेला असतो, आणि एकाच तऱ्हेची दिसणारी चार झुडपे शेजारीशेजारी कोणत्या हौसेने लावली असतील, हे कळत नाही. ती एकाच कुलातल्या चार जातींची झुडपे असतात आणि त्यांच्यातला फरक विद्यार्थ्यांना एका जागी उभे राहून दाखवता यावा, म्हणून तशी लावलेली असतात. झाड कुठून आणले, कोणी आणले आणि कधी लावले याची नोंद अशा बागेत ठेवलेली असते, आणि ती नोंद आहे म्हणूनच त्या लागवडीला संग्रह म्हणायचे. ग्रंथालयात गेल्यावर आपण सगळी पुस्तके वाचून यायचा हट्ट धरत नाही, तसाच इथेही धरू नये. पाच-सहा झाडे निवडावीत आणि वर्षातून चार वेळा तीच पाहावीत, असा माझा सल्ला आहे, आणि पुढचे सगळे त्या सल्ल्याच्या सोयीसाठी सांगितलेले आहे.

पुणेकराला यासाठी लांब जावे लागत नाही. गणेशखिंडीचा परिसर या दृष्टीने फार सधन आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचे आवार सुमारे ४११ एकरांचे आहे. त्यात वनस्पतिशास्त्र विभागाची लागवड तर आहेच, पण एकेकाळी गव्हर्नरच्या पावसाळी निवासस्थानासाठी राखलेल्या या जमिनीवर जुने, आडदांड वृक्षही पुष्कळ आहेत. तिथून जवळच, १८७३ साली सुरू झालेले गणेशखिंड उद्यान आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे असून तिथे फळझाडांवर संशोधन चालते. आपण बाजारात 'सरदार' म्हणून घेतो तो पेरू, म्हणजेच लखनौ-४९, याच ठिकाणी निवडला गेला. २०२० साली या उद्यानाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन ही विद्यापीठाची नाही, ती १८३० साली स्थापन झालेल्या एका कृषी-उद्यान संस्थेची आहे, परंतु जाड, पिळदार महावेली पाहायच्या असतील तर तिला पर्याय नाही. फर्ग्युसनसारख्या जुन्या महाविद्यालयांतही नीट राखलेली झाडे आहेत.

जाण्यापूर्वी विचारपूस अवश्य करावी. आवारातल्या रस्त्यांवरून फिरणे वेगळे आणि विभागाच्या कुंपणाच्या आत, हरितगृहात किंवा रोपवाटिकेत जाणे वेगळे. आतल्या भागासाठी विभागप्रमुखांच्या नावे चार ओळींचा अर्ज द्यावा, त्यात किती माणसे येणार आणि काय पाहायचे आहे हे स्पष्ट लिहावे, आणि सोबत ओळखपत्र ठेवावे. रविवार आणि परीक्षांचे दिवस टाळलेले बरे. एका वर्षी मी नातेवाइकांचे अकरा जणांचे लटांबर घेऊन एका महाविद्यालयाच्या बागेशी मोठ्या दिमाखात पोहोचलो, तर परीक्षा चालू असल्यामुळे फाटकाला कुलूप. मावशींपासून भाच्यांपर्यंत सर्वांनी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा घेतला आणि माझ्या वनस्पतिप्रेमाचा उद्धार करत मंडळी घरी परतली. अर्ज केला असता तर हे आधीच कळले असते.

सकाळी साडेसात ते दहा ही वेळ सर्वांत चांगली. रात्री उमलणारी फुले तोवर झाडाखाली ताजी पडलेली असतात आणि उन्हाने पाने मलूल झालेली नसतात. सोबत एक छोटी वही, शिसपेन्सिल (पावसात शाई पसरते), पाण्याची बाटली आणि दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग एवढे पुरे. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचे आणि पान भिंगाजवळ आणायचे असते. बहुतेक जण गुप्तहेरासारखे भिंग हातभर लांब धरतात आणि काही दिसत नाही म्हणून खिशात टाकतात. पायात बूट असावेत. चपलेत कुसळे शिरतात आणि पावसाळ्यात इतरही मंडळी भेटतात.

पाटी कशी वाचावी

उद्यानातली अर्धी माहिती पाटीवर असते, पण ती वाचण्याची सवय नसल्याने आपण मराठी नाव पाहून पुढे सरकतो. पाटीवर ठळक लिहिलेले दोन शब्दांचे नाव म्हणजे वनस्पतीचे शास्त्रीय नाव. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. ही द्विनाम पद्धत वनस्पतींच्या बाबतीत स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरली जाते. नावाच्या शेपटाला नुसते 'एल' हे अक्षर असेल तर ते नाव लिनियसने दिलेले असते, आणि 'रॉक्सब' असे तुटके काही दिसले तर विल्यम रॉक्सबर्गने. त्याखाली 'एसी' या प्रत्ययाने संपणारा शब्द असतो, ते कुलाचे नाव. कोपऱ्यात एखादा आकडा असल्यास तो दाखल क्रमांक समजावा. ग्रंथालयातल्या पुस्तकावर असतो तसाच, आणि झाडाची सगळी जन्मकथा त्या क्रमांकापुढे लिहिलेली असते.

जातिवाचक शब्दाकडे थोडे लक्ष दिले की झाडच बोलू लागते. पळसाचे नाव ब्युटिया मोनोस्पर्मा आहे. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, आणि पळसाची चपटी शेंग उचलून पाहिली तर टोकाशी खरोखर एकच बी सापडते. बहाव्याच्या नावातला 'फिस्टुला' म्हणजे नळी. त्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा पाहिल्यावर आणखी स्पष्टीकरण लागत नाही. सप्तपर्णीला 'स्कोलॅरिस' म्हणतात, कारण तिच्या हलक्या लाकडाच्या शाळेच्या पाट्या होत असत. मात्र नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. चिंचेचे नाव टॅमरिंडस इंडिका असले तरी चिंच मूळची आफ्रिकेची आहे. अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटले, तेच लॅटिनमध्ये गेले, आणि आपणही तिला इतकी आपली मानली की चिंचेविना आमटी सुचेनाशी झाली.

जुन्या पाट्यांवर जुनी नावे असतात, त्याला चूक म्हणू नये. बाभळीच्या पाटीवर एके ठिकाणी अकेशिया आणि दुसरीकडे व्हॅचेलिया दिसले तर गोंधळू नये: हा मोठा वंश विभागला गेला तेव्हा अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींसाठी राखण्याचा निर्णय २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला, २०११ साली मेलबर्नला तो कायम राहिला, आणि आपल्या बाभळीला नवे नाव घ्यावे लागले. रस्त्याकडेला सरळसोट वाढणाऱ्या आसुपालवाचेही तसेच झाले. तो पॉलिअल्थिया होता, आता मोनून झाला आहे. याच झाडाला लोक अशोक म्हणतात, पण खरा सीता-अशोक निराळा: त्याची पाने संयुक्त, कोवळी असताना लोंबती आणि तांबूस, आणि फुलांचे गुच्छ केशरी. उद्यानात दोन्ही असतील तर एका दिवशी एकामागून एक पाहावीत म्हणजे आयुष्यभराची गल्लत मिटते.

पाटी आणि झाड यांचे नाते मात्र स्वतः तपासावे. कुंडीतले रोप मरते, पाटी राहते, आणि पावसात दुसरेच काहीतरी उगवते. मी एकदा एका दुर्मीळ वेलीच्या पाटीसह मोठ्या काळजीने छायाचित्र घेतले आणि घरी येऊन पाहतो तो कुंडीत डौलाने उभे होते गाजरगवत.

जवळून पाहण्याच्या काही गोष्टी

प्रकटबीज, म्हणजे फळाच्या आवरणाविना उघडी बी धरणाऱ्या पाइनसारख्या वनस्पतींच्या विभागाजवळ बहुधा सुरूचे झाडही दिसते, आणि त्याची सुईसारखी 'पाने' पाहून ते पाइनचे भावंड आहे अशी समजूत होते. तिथे पाच मिनिटे थांबावे. जमिनीवर पडलेली एक हिरवी काडी उचलून दोन्ही टोके हलकेच ओढली की ती एका विशिष्ट जागी टचकन सुटते, पेनाचे टोपण निघावे तशी. सुटलेल्या जागी भिंग लावले तर कडेने सहा ते आठ बारीक दातांचे कडे दिसते. ते दात म्हणजे सुरूची पाने, आणि ज्याला आपण पान म्हणत होतो ती हिरवी, सांध्यासांध्यांची फांदी. पाइनची सुई अशी सांध्यात सुटत नाही. सुरू हे सपुष्प झाड आहे; त्याचे छोटे 'शंकू' ही खरे तर कठीण झालेली फळांची गोळी असते. उद्यानाला दिलेल्या एका भेटीत एवढे एक जरी नीट पाहिले तरी सकाळ सार्थकी लागली असे मी समजतो.

खरा प्रकटबीज नमुना म्हणजे सायकस. तो ताडाच्या पिल्लासारखा दिसतो, पण ताडाशी त्याचा संबंध नाही. वर्षानुवर्षे येथे काम करणाऱ्या माळीकाकांना मी एकदा विचारले होते, "काका, याला फूल कधी येतं?" त्यांनी झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "ह्याला फूल येतच नाही, साहेब. नराला मधोमध कणीस येतं. मादीला पानासारखंच काहीतरी येतं अन् त्याच्या कडेला बिया लागतात." पाठ्यपुस्तकात दोन पाने घेणारी गोष्ट त्यांनी तीन वाक्यांत संपवली. त्यात भर घालायची तर एवढीच, की बी धरणाऱ्या झाडातही पोहणारे पुंयुग्मक, म्हणजे नर बीजपेशी, असतात, हा शोध १८९६ साली जपानमध्ये हिरासे यांना गिंको या झाडात आणि इकेनो यांना सायकसमध्ये लागला. माळ्यांशी आणि रोपवाटिकेतल्या मावशींशी बोलायला संकोच करू नये. कोणते झाड केव्हा आजारी पडले आणि कशाने सावरले, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

नातलग झाडे जोडीने पाहण्याचीही एक गंमत आहे. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. त्याची फुले थेट खोडावर येतात आणि तोफगोळ्यासारखी फळेही तिथेच लागतात. आपल्या सह्याद्रीतला कुंभा त्याच कुलातला. कैलासपतीचे फूल पाहून झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी कुंभ्याखाली पडलेले फूल हातात घ्यावे. पुंकेसरांचा तो दाट झुबका पाहिला की दोघांमधला समुद्र क्षणभर विसरायला होतो.

ताडकुलाकडे लोक फारसे पाहत नाहीत, कारण सगळे ताड सारखेच वाटतात. या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणारे प्रा. त्र्यं. शं. महाबळे हे ताडांचे आणि जीवाश्म वनस्पतींचे मोठे अभ्यासक होते, एवढी आठवण ठेवून तरी या कोपऱ्यात जावे. भेरली माड ओळखायला सर्वांत सोपा, कारण त्याची पर्णिका माशाच्या शेपटीसारखी असते. त्याला फुलोरा आधी शेंड्याजवळ येतो, मग त्याखालच्या पेऱ्यावर, मग आणखी खाली. असे उतरत उतरत सर्वांत खालचा फुलोरा फळून झाला की झाड मरते. त्यामुळे भेरली माडाचे सर्वांत खालचे तुरे जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे पाहून त्याच्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो.

कुंडीघरात मोठ्या झाडांची नव्हे, तर जपून ठेवलेल्या लहान वनस्पतींची वस्ती असते, आणि इथे विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये. शिंदळ माकुडी दिसली तर तिथे जरूर थांबावे. मांसल, लोळत्या खोडाची ही वनस्पती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड अशा मोजक्या कड्यांवर उगवते. पावसाळ्यात तिला पाने येतात, कोरड्या दिवसांत ती झडतात आणि नुसती बोटासारखी खोडे उरतात. पावसाळा सरता सरता गडद तपकिरी-लाल, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी फुले येतात. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिचे वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव दिले. त्याच फ्रिअरच्या कारकिर्दीत, १८६४ साली, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरनिवासाचे काम सुरू झाले आणि १८७१ साली ते पुरे झाले. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. पुढे वर्गीकरण बदलून ही वनस्पती बाउसेरोशिया वंशात गेली तेव्हा वंशाचे नाव गेले, पण जातीच्या नावात फ्रिअर टिकून राहिला. कड्यावरची एक मूठभर वनस्पती आणि ती दगडी इमारत एकाच माणसाची आठवण सांगतात, हे मला दर वेळी मौजेचे वाटते.

कोणत्या महिन्यात काय

पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतांश चार महिन्यांत, त्यामुळे इथली बरीच झाडे उन्हाळ्याच्या आधी पाने टाकून फुलतात. जानेवारी ते मार्च या काळात काटेसावर, पळस, पांगारा आणि कांडोळ पाहावेत; कांडोळाचे पांढरे, कागदासारखे सोलणारे खोड निष्पर्ण अवस्थेतच खुलून दिसते. एप्रिल-मे बहाव्याचे आणि ताम्हणाचे. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल आहे, तरी ते ओळखणारे पुणेकर कमीच. पावसाच्या तोंडाशी गोरखचिंचेला पाने फुटतात आणि लांब देठांवर लोंबणारी पांढरी फुले रात्री उमलतात. वटवाघळे येऊन गेलेली असतात, आपण सकाळी फक्त खाली पडलेली फुले पाहायची. जुलै ते सप्टेंबर हे दिवस नेचे, जमिनीवरची आमरे (ऑर्किड) आणि कंदीलपुष्पे यांचे. कंदीलपुष्पाच्या नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस असतात; माशी आत घसरते आणि केस सुकेपर्यंत तिला बाहेर पडता येत नाही, तोवर परागणाचे काम होऊन जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सप्तपर्णी आणि बूच फुलतात. सप्तपर्णीच्या उग्र वासाने माझे डोके धरते, म्हणून तिच्या भेटीला मी सकाळीच जातो आणि बुचाची पडलेली लांब दांड्याची फुले वेचून घरी आणतो.

वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, म्हणजे हर्बेरियम, पाहायची संधी मिळाली तर ती सोडू नये. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे आणि आघारकर संशोधन संस्थेतही असा संग्रह आहे. दोन्ही ठिकाणी आधी कळवून आणि कारण सांगून जावे. कागदावर शिवलेले रोप, उजव्या खालच्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव, असे त्या नमुन्याच्या कागदाचे रूप असते. हा कागद नेहमी आडवाच ठेवावा, पुस्तकाच्या पानासारखा उलटू नये. जुने नमुने किडीपासून वाचवण्यासाठी पाऱ्याच्या विषारी क्षाराने माखलेले असू शकतात, म्हणून पाहून झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि मुलांना बोट लावू देऊ नये.

बाहेरही हात आवरलेला बरा. पान, फूल, बी तोडायचे नाही, आणि 'एक छोटीशी फांदी कुंडीत लावायला' तर मुळीच मागायची नाही. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो, खाजकुयलीच्या शेंगेवरची लव वाऱ्याने उडूनही खाज आणते, आणि कण्हेर व बिट्टी पोटात गेल्यास जिवावर बेतते. खाली पडलेले उचलून पाहावे आणि जागच्या जागी ठेवून द्यावे.

वहीत फार लिहू नये. निवडलेल्या प्रत्येक झाडासाठी एक पान, त्यावर तारीख, आणि पाने, कळ्या, फुले, फळे यांपैकी काय होते एवढेच. दोन वर्षांनी ते पान वाचले की तुमच्या गोरखचिंचेला पालवी कोणत्या आठवड्यात फुटते, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागत नाही.

आत जाताना आणि बाहेर पडताना बूट झटकण्याची शिस्त पाळावी. ज्या गाजरगवताने पुढे देशभर उच्छाद मांडला, त्याची भारतातली पहिली नोंद १९५५च्या सुमारास पुण्यातच झाली होती, आणि आजही अशी बियाणी कोणाच्या तरी बुटावरून एका जागेहून दुसऱ्या जागी जात असतात. मोज्यांत अडकलेली कुसळे मात्र लगेच फेकू नयेत. घरी एक कागद पसरावा, त्यातले लांब, पिळदार शेपटाचे एक कुसळ त्यावर ठेवावे आणि बोटाने पाण्याचा एक थेंब सोडावा. थोड्याच वेळात शेपटाचा पीळ उलगडू लागतो आणि कुसळ कागदावर आपोआप गोल फिरते. रानात याच फिरण्याने त्याचे टोकदार बी जमिनीत घुसते.